दत्तजयंतीला जोडून पाच दिवस, मोटरसायकल आणि कॅमेरा: कोकण किनाऱ्याचा बेत तपासून द्याल का?

युनिकॉर्नवाली

नमस्कार मंडळी.

मी मूळची बार्शीची, सध्या नोकरीमुळे पुण्यात हडपसरला. बाविसाव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता. पहिल्यांदा पाहिला तो ऑफिसच्या सहलीत, अलिबागला, भर दुपारी, चाळीस जणांच्या घोळक्यात. सगळे बसकडे निघाले तरी मी पाण्याकडे तोंड करून उभीच होते. शेवटी हाका मारून न्यावं लागलं. त्याला आता चार वर्षं झाली. मधल्या काळात स्वतःची गाडी झाली (होंडा युनिकॉर्न, २०१७ ची), सेकंडहँड कॅमेरा घेतला (कॅनन १५००डी, जवळचं टिपणारी १८-५५ आणि लांबचं ओढणारी ५५-२५० अशा दोन लेन्स), आणि यंदा दत्तजयंतीला जोडून पाच दिवसांची रजा मंजूर झाली आहे.

बेत असा आहे: पुण्याहून अलिबाग, मग काशीद, मुरूड-जंजिरा, दिवेआगर, हरिहरेश्वर, वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ, गुहागर, हेदवी, जयगड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी, पावस, विजयदुर्ग, कुणकेश्वर, मालवण, वेंगुर्ले, आणि आंबोली घाट चढून परत. नकाशावर बोट फिरवलं की सगळं जमेलसं वाटतं. या सगळ्यात माझ्यासाठी सर्वांत वर आहे ते वेळास. कासवांची पिल्लं समुद्रात जाताना मला टिपायची आहेत.

विचारायचं हे की पाच दिवसांत एवढं होईल का? कॅमेरा पाठीवरच्या सॅकमध्ये न्यावा की गाडीला बांधावा? खाऱ्या हवेने कॅमेरा खराब होतो म्हणतात, ते कितपत खरं? आणि एकट्या मुलीने या रस्त्याला जाण्यात काही अडचण?

आई विचारते, फोटो काढायला एकटीनेच कशाला जायला हवं? मला तिला नीट उत्तर देता आलं नाही. सोबत कुणी असलं की माझं निम्मं लक्ष त्याच्या कंटाळ्याकडे जातं, एवढंच मला माहीत आहे.

---

खाडीकाठ

दापोली तालुक्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट आणि शाळांचे वर्गाचे फोटो यांवर घर चालतं. १९९८ पासून स्टुडिओ बंद असेल त्या दिवशी गाडी काढायची आणि किनारा नाहीतर खाडी धरून जायचं, हा माझा नेम आहे. आधी याशिकाचा रोलवाला कॅमेरा होता, आता डिजिटल आहे. गाडी स्प्लेंडरच. तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नकोस.

आधी वाईट बातमी देतो. डिसेंबरात वेळासला पिल्लं दिसत नाहीत. ऑलिव्ह रिडलेच्या माद्या थंडीत अंडी घालायला किनाऱ्यावर येतात आणि अंड्यांतून पिल्लं बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात. त्यामुळे पिल्लं सोडायचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. तेव्हा वेगळी ये, सकाळी उजाडताना किंवा संध्याकाळी सोडतात. त्या वेळी फ्लॅश अजिबात मारायचा नाही आणि दोरीच्या अलीकडेच थांबायचं. पिल्लू पाण्यावरच्या उजेडाच्या रोखाने चालत असतं, आपण वेडावाकडा उजेड पाडला की त्याची वाट चुकते.

आता यादीबद्दल. निम्म्याहून जास्त नावं खोड. आमचा सागरी मार्ग नकाशावर एक रेघ दिसतो, पण प्रत्यक्षात खाड्यांनी त्याचे तुकडे केलेले आहेत. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, अशा चार ठिकाणी तुला गाडी फेरीबोटीत घालावी लागेल. बोट समोरच्या काठाला असली की थांबणं आलं. मधले रस्ते चढ-उतारांचे आणि वळणांचे, गावांतून तर दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकाने मागे घ्यायचं. तुझ्या बेताप्रमाणे गेलीस तर सकाळी साडेसहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा, म्हणजे ज्या वेळेला फोटो होतात नेमक्या त्या वेळेला, तू पुढचं गाव गाठायच्या घाईत असशील. किनाऱ्यावर पोचशील तेव्हा ऊन डोक्यावर. अलिबागला पाहिलास तोच समुद्र पुन्हा एकवीस वेळा.

बेत किलोमीटरवर करू नकोस, तिथीवर कर. हर्णैच्या एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, मला शिकवलेला हिशोब सांगतो. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जे येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणून तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा. पूर्ण भरतीपासून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. थोडं मागेपुढे होतं, पण फोटोला पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप आत जातं. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी फार हलत नाही.

दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा. त्या दिवशी पूर्ण ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला. आमच्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे सूर्य बुडताना पाणी सर्वांत आत गेलेलं आणि शे-दोनशे पावलं ओली पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, आरशासारखी उघडी पडलेली. अष्टमीला त्याच जागी त्याच वेळी आलीस तर पाणी बरंच वर आलेलं असेल आणि उभं राहायला कोरडी वाळू तेवढी उरेल. तुझी रजा अगदी योग्य दिवसांत आली आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहितो.

मी असं करीन. चतुर्दशीला पहाटे पुणं सोडायचं. ताम्हिणी घाटातून माणगाव, म्हसळा, मग बागमांडल्याला बोट आणि वेश्वीला उतरून मंडणगड तालुक्यातून केळशी किंवा आंजर्ले. पहिल्या दिवशी फोटोची अपेक्षा ठेवू नकोस, अंग मोडलेलं असेल. पाय धुऊन पुळणीवर नुसती बसून राहा.

पौर्णिमेला सकाळी आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला चढ. आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सूर्य उगवतो तो डोंगराच्या मागून आणि किनाऱ्यावर ऊन उशिरा उतरतं. कड्यावरून खाली बघशील तर आधी सुवर्णदुर्गाचा तट उजळतो, मग होड्यांची शिडं-डोलकाठ्या, आणि सगळ्यांत शेवटी माडाच्या आगरातली कौलं. हे उतरतं ऊन अर्धा-पाऊण तास पुरतं. ५५-२५० लावून एकेक टप्पा वेगळा घे. सगळं एकाच चौकटीत कोंबायचा मोह आवर.

त्याच संध्याकाळी हर्णै बंदर. मोठे ट्रॉलर खोल पाण्यात उभे असतात, मासळी लहान होड्यांतून आणि बैलगाड्यांतून काठावर येते आणि पुळणीवरच लिलाव लागतो. उधाणाची ओहोटी असली की गाड्यांना फार लांबवर आत जावं लागतं आणि ओल्या वाळूत बैलांची पूर्ण प्रतिबिंबं पडतात. चारलाच जाऊन बस. तासभर कॅमेरा काढू नकोस, कोण कुठून येतं आणि उजेड कुठे पडतो ते बघ. सूर्य समोर असतो त्यामुळे माणसं काळी येतील. येऊ देत. चेहरा हवा असेल तर तू समुद्राकडे पाठ करून उभी राहा, मावळतीचा तांबडा उजेड त्यांच्या तोंडावर असतो.

प्रतिपदेला पहाटे मात्र अंथरुणात लोळत राहू नकोस. मुरूड (जंजिऱ्याचं नव्हे, आमच्या दापोलीचं) किंवा कर्दे, कुठल्याही पुळणीवर सहाच्या आत हजर हो. ओहोटी पुन्हा सहा-साडेसहाला, आणि पौर्णिमेचा चंद्र समुद्रावर खाली आलेला. सूर्योदयाआधीची वीस मिनिटं आणि नंतरची दहा, एवढ्या वेळात चंद्राचा आणि जमिनीचा उजेड जवळपास सारखा होतो. त्याआधी चंद्र नुसता पांढरा ठिपका येतो आणि नंतर तो आकाशात विरून जातो. हा अर्धा तास महिन्यातून एक-दोन दिवसच मिळतो आणि किनाऱ्यावर चिटपाखरू नसतं. या मुरुडात महर्षी कर्वे वाढले. गावातले माडपोफळींतले दगडी पाट आणि पाखाड्या (दगडी फरसबंदीच्या गल्ल्या) अजून बघण्यासारख्या आहेत, ऊन चढलं की तिकडे वळ.

त्या दिवशी दुपारी समुद्राला पाठ दाखवून आत पन्हाळेकाजीला जा. कोटजाई नदीच्या काठी २९ लेणी आहेत. कातळ, नदी आणि शेतं, दुसरं काही नाही. आतला उजेड कमी, तिथे तिपाई उपयोगी पडेल.

द्वितीयेला दाभोळला बोट धर. जेटीच्या जवळच आदिलशाही काळातली मशीद आहे, गावात तिला अंडा मशीद म्हणतात. थांबून बघ. पलीकडे धोपावे, गुहागर आणि मग हेदवी. हेदवीच्या उमामहेश्वराच्या देवळापुढे खडकात एक अरुंद फट आहे, बामणघळ. भरतीचं पाणी तिच्यात कोंडलं की उभं उसळून वर येतं. द्वितीयेला दोन पाऊण दीड, म्हणून दीड वाजता भरती आणि उधाणाचा जोर अजून शिल्लक. साडेबाराला पोच आणि लाटा मोज. शटर एक पंचशतांश किंवा त्याहून जलद. घळीच्या तोंडापासून दूर, कोरड्या खडकावर उभी राहा. खडक ओला दिसला याचा अर्थ तिथवर लाट येऊन गेली आहे. मी स्वतः एका माणसाला तिथे पडताना पाहिलं आहे. तो वाचला, पण त्या दिवसापासून मी खडकावर डोळ्याला कॅमेरा लावून एकही पाऊल टाकत नाही. चालताना कॅमेरा गळ्यात, थांबल्यावर डोळ्याला.

तृतीयेला चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड आणि घरी. संपलं. एकवीसऐवजी सहा-सात ठिकाणं झाली, पण प्रत्येक ठिकाणी त्या जागेच्या वेळेला तू हजर असशील.

कॅमेरा पाठीवर नको. २००७ च्या पावसाळ्यात एका जेटीच्या शेवाळलेल्या उतारावर माझी गाडी घसरली, मी पाठीवर पडलो आणि सॅकमधला कॅमेरा कण्यात घुसला. महिनाभर वाकता येत नव्हतं. पाठीवर मऊ कपडे ठेव. कॅमेरा टाकीवरच्या बॅगेत, खाली दोन बोटं जाड फोम आणि भोवती पंचा. पाठीमागच्या कॅरिअरला मात्र कधी बांधू नकोस, खड्ड्याचा सगळ्यात मोठा हिसका तिथे बसतो.

खाऱ्या हवेचं म्हणशील तर ते खरं आहे, पण घाबरण्याइतकं नाही. पुळणीवर लेन्स बदलू नकोस, खोलीतून निघतानाच ठरव. रात्री पंचा गोड्या पाण्यात घट्ट पिळून कॅमेरा बाहेरून पुसून घे. तिपाईचे पाय गोड्या पाण्याने धुऊन लांब करून वाळव, वाळूचा एक कण आत राहिला तरी पेच खातो. खरा शत्रू बुरशी. माझी एक चांगली लेन्स एका पावसाळ्यात कपाटात ठेवल्या ठेवल्या गेली. तेव्हापासून लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या.

आणि गाडी पुळणीवर नेऊ नकोस. लोक नेतात, फोटोही छान दिसतो. पण वाळूखाली कासवाची अंडी असू शकतात, आणि गाडी रुतली की भरती तुझ्यासाठी थांबत नाही.

---

गगनबावडा चढताना

काकांनी तिथीचं जे सांगितलंय ते मी वहीत उतरवून घेतलं. मी कोल्हापूरची, गेली सहा वर्षं एकटी फिरते, गाडी पल्सर. बाकीचं त्यांनी सांगितलं, मी एकटीनं फिरण्याबद्दल सांगते.

अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, हा एकच नियम कडक पाळ. भीती माणसांची कमी, रस्त्याची जास्त. वळणावर बसलेली गुरं, रंग उडालेले गतिरोधक, समोरून येणाऱ्या गाड्यांचे प्रखर दिवे. पण तुला सूर्यास्ताचे फोटो हवेत, म्हणजे अंधार होणारच. म्हणून खोली पुळणीपासून चालत जाता येईल अशीच घे. खोली थोडी महाग पडली तरी चालेल. गाडी चारलाच लावायची आणि सकाळपर्यंत किल्ली हातात घ्यायची नाही. हर्णैच्या संध्याकाळीसाठी हर्णैतच किंवा अगदी शेजारी राहा. दुसऱ्या दिवशी पहाटे मुरूड-कर्द्याला जायला थोडी अंधारात गाडी लागेल, त्याऐवजी हर्णैचीच पुळण बघ चालतीय का. चंद्र तिथूनपण तोच दिसतोय.

घरगुती जेवणाची सोय असलेली घरं बघ. आधी फोन कर आणि घरातल्या बाईशी बोल. मी पोचायची वेळ सांगून ठेवते. एकदा मला दोन तास उशीर झाला तर त्या माऊलीनं स्वतःहून फोन करून विचारलं कुठं आहेस म्हणून. रेंज खूप ठिकाणी जाते, नकाशा आधी उतरवून ठेव. मोठ्या गावात पेट्रोल दिसलं की टाकी भरून घे, पुढं बघू म्हणायचं नाही.

फोन हँडलला लावून नकाशा बघायची सवय असेल तर सोड. मोटरसायकलच्या इंजिनच्या कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, अशी सूचना ॲपलनं २०२१ मध्ये स्वतः काढली होती. मी फोन खिशात ठेवते आणि कानात दिशा ऐकते.

जांभा दगडाची तांबडी माती रस्त्याच्या कडेला साठलेली असते. वळणावर फोटोसाठी एकदम कडेला घेतलीस की पुढचं चाक गेलंच. पुढं सरळ रस्ता बघून थांब आणि मागं चालत ये. हे सगळ्यात जास्त वेळा मोडला जाणारा नियम आहे, कारण चांगला देखावा नेहमी वळणावरच दिसतो.

आईला काय सांगायचं ते: माझ्या आईला मी रोज संध्याकाळी एक फोटो आणि खाली गावाचं नाव पाठवते. पहिल्या वर्षी ती फक्त "पोचलीस का" विचारायची. आता ती "हे झाड कसलं गं" विचारते.

---

सड्यावरचा

राजापूर तालुक्यातून लिहितोय. खाडीकाठ यांचा बेत उत्तम आहे, पाच दिवसांत त्यात भर घालू नका. फक्त पुढच्या वेळेसाठी एक वेगळी बाजू मांडतो, कारण बाहेरून येणारा प्रत्येक कॅमेरा समुद्राकडे तोंड करून उभा राहतो आणि पाठीमागचा सडा कुणी बघत नाही.

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या कातळाचं सपाट पठार. पावसाळा सरता सरता तिथे बोटभर मातीत निळी-पिवळी फुलं येतात. डिसेंबरात फुलं गेलेली असतात, गवत सोनेरी झालेलं असतं आणि कातळ उघडा पडतो. या कातळावर हजारो वर्षांपूर्वीची कोरलेली चित्रं आहेत, कातळशिल्पं. बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, जांभरुण, सिंधुदुर्गात कुडोपी. २०२२ मध्ये यातल्या काही जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. आमची म्हातारी माणसं त्यावरून गुरं घेऊन जायची आणि "पांडवांनी काढलंय" म्हणायची.

फोटोच्या दृष्टीने सांगायचं तर दुपारी तिथे काहीच दिसत नाही. रेघा जेमतेम बोट-दोन बोटं खोल. सूर्य डोक्यावर असताना कातळ सपाट दिसतो. सूर्य उगवल्यावर पहिला पाऊण तास किंवा मावळण्याआधीचा पाऊण तास, तेव्हा ऊन आडवं येतं आणि प्रत्येक रेघेत सावली भरते. चित्र डोळ्यांदेखत वर येतं. मी लहानपणापासून पाहतोय, तरी दर वेळी अंगावर काटा येतो.

रेघा उठून दिसाव्यात म्हणून काही जण त्यांत खडूची पूड भरतात, पाणी ओततात. कृपा करून करू नका. वर चढूनही उभं राहू नका. आकृती मोठी असल्याने वरून फोटो हवा असतो. त्यासाठी मी कॅमेरा लांब काठीला घट्ट बांधून डोक्यावर धरतो आणि फोनवरून शटर दाबतो. तुमच्या १५००डीला वायफाय आहे, त्यावर हे होतं. गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवून चालत जा आणि वाटेत कुणी भेटलं तर कुठे निघालात ते सांगा. सडा मोकळा दिसला तरी तो कुणाच्या तरी मालकीचा आहे.

---

युनिकॉर्नवाली

तुम्ही सगळ्यांनी इतक्या मनापासून लिहिलंत, आभार कसे मानू कळत नाही.

नवीन बेत: चतुर्दशी केळशी, पौर्णिमेला सकाळी आंजर्ले आणि संध्याकाळी हर्णै, तिथेच मुक्काम. प्रतिपदेची पहाट हर्णैच्या पुळणीवर, दुपारी पन्हाळेकाजी. द्वितीया हेदवी, तृतीयेला परत. दिनदर्शिकेवर प्रत्येक तारखेखाली भरतीची वेळ लिहिली आहे. पाऊणकीचं गणित आईनेच करून दिलं, तिला पाढे अजून पाठ आहेत. वेळास आणि कशेळी फेब्रुवारीसाठी ठेवली.

दोन शंका राहिल्या. एक, फेरीबोटीच्या उताराची आता भीती बसली आहे. आणि दुसरी जास्त महत्त्वाची. लिलावात बायका काम करत असताना मी कॅमेरा घेऊन मध्ये उभी राहणार. त्यांना विचारायचं कसं? विचारलं की त्या सावरून बसतात आणि फोटो जातो. न विचारता काढायला मन होत नाही.

---

खाडीकाठ

उताराचं सोपं आहे. मोटरसायकली बहुधा आधी सोडतात, घाई करू नकोस. पहिला गिअर, क्लच अर्धवट, दोन्ही पाय जमिनीजवळ, आणि मध्ये पुढचा ब्रेक दाबायचा नाही. लागलाच तर मागचा, हळू. पावलाखाली हिरवट दिसलं तर तेवढा भाग टाळून जा. बोटीत गाडी गिअरमध्ये ठेवून तिच्याजवळच उभी राहा. उधाणाच्या ओहोटीला पाणी खाली जातं आणि उतार जास्त लांब उघडा पडतो. द्वितीयेला दाभोळला सकाळी सात-साडेसातला पूर्ण ओहोटी असेल, म्हणून नऊनंतरची बोट धर. तेवढ्यात पाणी बरंच वर आलेलं असतं.

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी एक घडलेलं सांगतो. १९९९ साली हर्णैला मी एका मासळीवाल्या बाईचा फोटो न विचारता काढला. लांबून, मोठ्या लेन्सने. नुसता चेहरा, मागचं सगळं धूसर. डोळ्यांत मावळतीचा उजेड. मला तो फार आवडला. रोल धुतल्यावर आठ बाय दहाची प्रिंट केली, स्टुडिओच्या काचेत लावली आणि एक प्रत तिला द्यायला गेलो. वाटलं, खूश होईल. तिने फोटो हातात घेतला, खूप वेळ बघितला आणि विचारलं, यात मी काय करत्येय?

मी म्हटलं, लिलावात उभ्या आहात. तर म्हणाली, ते कुठं दिसतंय? टोपली नाही, वाटा नाही, बाजूची माणसं नाहीत. सकाळी चारला उठून जे करते त्यातलं यात काहीच नाही, नुसतं तोंड आहे.

रागावली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं की एवढ्या मोठ्या कागदावर तिचं काम का नाही. मी तो फोटो काचेतून काढला. पुढच्या आठवड्यात ३५ ची लहान लेन्स घेऊन गेलो, तिच्यापासून चार हातांवर उभा राहिलो आणि विचारलं, आता काढू का? ती म्हणाली, थांब, हा वाटा लावून होऊ दे. त्या दिवशीचा फोटो माझ्याकडे आहे. चेहरा लहान आहे, पण हात, सुरमईचे वाटे, बोली लावणारा, मागे पाण्यात गाडी, सगळं आहे. तिच्या घरीही आहे.

म्हणून माझं सांगणं एवढंच. ५५-२५० तिथे बॅगेतून काढूच नकोस. १८-५५ लाव, अठरा-चोवीसवर ठेव. त्या लेन्सने जवळ जावंच लागतं, आणि जवळ गेलं की बोलावंच लागतं. आज काय आलंय, कुठून आलंय, एवढं विचार. सावरून बसल्या तर तो फोटोही काढ, तो त्यांना हवा असतो. तो झाला की पाचेक मिनिटांत त्या कामाला लागतात आणि तुला विसरतात. नको म्हणाल्या तर कॅमेरा खाली. अंधार पडायला लागला की आयएसओ सोळाशेवर ने, शटर सव्वाशेच्या खाली जाऊ देऊ नकोस. दाणे आले तर येऊ देत.

आणि ज्यांचे फोटो काढशील त्यांना प्रिंट दे. मोबाइलवर पाठवते म्हणू नकोस, कागदावरची. पत्ता लागत नाही, बंदरावर नुसता फोटो दाखवला की शेजारची बाई सांगते कोण ते. फेब्रुवारीत वेळासला येणारच आहेस, तेव्हा वाट हर्णैवरून काढ.

अजून एक. चपटा लाकडी तुकडा, तळहाताएवढा, दोरी लावून हँडलला अडकव. वाळूत आणि मऊ मातीत साइड स्टँड रुततो, तो त्याखाली ठेवायचा. दोरी यासाठी की निघताना तो विसरत नाही.

---

युनिकॉर्नवाली

आईला हा सगळा धागा वाचून दाखवला. तिने दोनच गोष्टी विचारल्या. संकष्टीच्या आत घरी येशील ना, आणि प्रिंट काढायला एकेका फोटोला किती पैसे पडतात.

लाकडाचा तुकडा बाबांनी कापून दिला आहे.